शिल्पपट्ट आणि मजुरीची नोंदवही

इमारतीच्या भिंतीवर किंवा खांबांच्या माथ्यावर आडवी धावणारी, नक्षीने अथवा आकृतींनी भरलेली लांब पट्टी म्हणजे शिल्पपट्ट. युरोपीय वास्तुशास्त्रात तिला ‘फ्रीझ’ असे म्हणतात. आजच्या घरांतही तिचा वंश टिकून आहे. छताखाली भिंतीच्या कडेने फिरणारी पीओपीची नक्षी, दिवाणखान्यात रंगाऱ्याने काढलेली वेलबुट्टीची किनार, न्हाणीघरातील फरशांची रंगीत ओळ ही सारी त्या जुन्या पट्टीची धाकटी भावंडे होत. आपण तिला केवळ सजावट समजतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात समाजरचनेचा पुरावा सापडतो. कारण पट्टीवर कोण दिसतो आणि ती पट्टी कोणी घडवली, हे दोन प्रश्न विचारले की दोन वेगवेगळी उत्तरे हाती येतात.

प्रथम रचना समजून घेऊ. प्राचीन ग्रीक मंदिरात खांबांवर दगडी तुळई बसवलेली असे. तुळईच्या वर शिल्पपट्ट आणि त्याच्याही वर, पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकण्यासाठी पुढे काढलेली कंगोऱ्याची कड असे. डोरिक पद्धतीत हा पट्ट सलग नसे. उभ्या खाचांचे ठोकळे आणि चौकोनी शिळा आळीपाळीने बसवल्या जात. हे ठोकळे म्हणजे जुन्या लाकडी मंदिरांतील तुळयांच्या टोकांची दगडातील आठवण होय, असे रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने नमूद केले आहे. आयोनिक पद्धतीत मात्र पट्ट अखंड असे. त्यामुळे शिल्पकाराला त्यावर सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालत जाणारी एखादी मिरवणूक कोरता येत असे.

अशी सर्वांत प्रसिद्ध मिरवणूक अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावर आहे. हे मंदिर इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले. बाहेरून ते डोरिक. परंतु आतल्या भिंतीच्या माथ्यावरून सुमारे १६० मीटर लांबीचा आणि साधारण एक मीटर उंचीचा अखंड पट्ट फिरवलेला होता. घोडेस्वार, रथ, वाद्ये वाजवणारे, पाण्याचे घडे वाहणारे तरुण, बळीसाठी नेली जाणारी गुरे आणि अखेरीस बसलेले देव, असा त्याचा क्रम आहे. अथेना देवतेच्या उत्सवातील ही मिरवणूक असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाहणाऱ्याच्या डोक्यापासून तो फार उंच होता आणि त्यावर उजेड खालून परावर्तित होऊन पडे. म्हणून कारागिरांनी आकृतींचा वरचा भाग अधिक उठावदार कोरला आणि खालचा कमी. एके काळी तो रंगवलेला होता आणि घोड्यांचे लगाम धातूचे होते. पुढे १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफांनी मंदिराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लॉर्ड एल्गिन याने पट्टाचे अनेक तुकडे इंग्लंडला नेले. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ते ३५,००० पौंडांना विकत घेतले. ग्रीस आजही ते परत मागत आहे.

पार्थेनॉनवर अथेन्स नगराने स्वतःला जसे पाहावेसे वाटले तसे कोरले. नगर प्रत्यक्षात कसे होते, हे जवळच्याच दुसऱ्या मंदिराने सांगितले. त्याचे नाव एरेक्थियॉन. या मंदिरावर वेगळ्या पद्धतीचा शिल्पपट्ट होता. पाठीमागे एल्युसिसचा गडद करडा दगड लावून त्यावर पांढऱ्या संगमरवरात स्वतंत्रपणे घडवलेल्या आकृती धातूच्या खिळ्यांनी बसवलेल्या होत्या. या बांधकामाचा हिशेब अथेन्सच्या लोकांनी दगडी शिळांवर कोरून जाहीरपणे लावला होता. त्या शिळांचे तुकडे आज उपलब्ध आहेत.

इ. स. पू. ४०८ च्या सुमाराच्या त्या हिशेबात शिल्पपट्टाचा दर स्पष्ट दिसतो : बहुधा एका आकृतीस ६० द्राक्मा. केफिसियाच्या फायरोमाखसला चिलखताशेजारच्या तरुणाच्या आकृतीबद्दल ६० द्राक्मा मिळाले. घोडा आणि त्याच्यामागचा माणूस अशा दोन आकृतींबद्दल मेलिते येथे राहणाऱ्या प्राक्सियासला १२० मिळाले. कोलितसच्या इआससला एका स्त्रीबद्दल ८० मिळाले. कारण तिला बिलगलेली एक लहान मुलगीही होती. ‘केफिसियाचा’ आणि ‘मेलिते येथे राहणारा’ या शब्दांतील फरक लक्षात घ्यावा. पहिला नागरिक आहे. दुसरा परदेशीय रहिवासी आहे. तो अथेन्समध्ये राबू शकतो, परंतु मतदान करू शकत नाही. तरीही दोघांचा दर एकच आहे.

याच हिशेबातील खांबांना उभ्या खाचा पाडणाऱ्या टोळ्यांच्या नोंदी अधिक बोलक्या आहेत. तेथे नागरिक, परदेशीय आणि दास एकाच खांबावर शेजारी शेजारी काम करताना दिसतात. सिमियास नावाच्या कारागिराच्या नोंदीखाली ‘सिमियासचा’ अशी ओळख लावलेली सॅनिऑन, सोसांद्रोस इत्यादी नावे येतात. हे त्याचे दास होत. दिवसाच्या मजुरीचा दर साधारण एक द्राक्मा होता. देखरेख करणाऱ्या वास्तुकारालाही दिवसाला सुमारे तेवढेच मिळत. कामाची किंमत समान मोजली गेली, ही बाब निश्चितच उल्लेखनीय आहे. परंतु दासाच्या नावापुढे लिहिलेले पैसे सामान्यतः त्याच्या मालकाकडे जात. हात सॅनिऑनचा, छिन्नी सॅनिऑनची, नोंदही सॅनिऑनची. मोबदला मात्र सिमियासचा. मोबदल्याची समानता आणि माणसांची समानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या शिळेइतक्या थोडक्यात क्वचितच कोठे वाचायला मिळते.

रोमन काळात ही पट्टी घरांच्या आत आली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात व्हेट्टी बंधूंचे घर सापडले आहे. घराचे मालक स्वतः दास्यातून मुक्त झालेले व्यापारी असावेत, असे अभ्यासक मानतात. या घराच्या एका दालनात लाल रंगाच्या मोठ्या चौकटींखाली काळ्या पार्श्वभूमीची एक अरुंद पट्टी रंगवलेली आहे. तिच्यावर पंखांची गोंडस बालके सोनारकाम करतात, सुगंधी तेल काढतात, कापड धुतात, मद्य विकतात. नगरातले सगळे कष्टाचे धंदे तेथे आहेत. कष्ट करणारी माणसे तेवढी नाहीत. ज्यांनी दास्य पाहिले होते, त्यांच्याच भिंतीवर श्रमाला घाम आणि थकवा उरला नाही. प्रतिष्ठा मिळाल्यावर श्रमाचा चेहरा झाकण्याची ओढ किती जुनी आहे, हे येथे दिसते.

आपल्या भूमीवरील कोरीव कामातही हा प्रश्न विचारता येतो. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी कोरीव काम केल्याचा लेख आहे. त्याच तोरणाच्या वरच्या आडव्या पट्टीवर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान नोंदलेले आहे. कार्ले येथील चैत्यगृहात वेदिकेच्या नक्षीच्या आडव्या पट्ट्या भिंतीवरून फिरतात. तेथील खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे आहेत आणि दर्शनी भागावर सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. येथे कारागीर मालकाच्या नावाखाली नव्हे, तर दाता म्हणून स्वतःच्या नावाने उभा आहे. अर्थात हेही ध्यानात ठेवावे लागेल की, ज्यांच्याजवळ देण्याजोगे काही होते त्यांचीच नावे दगडावर आली. खाणीतून दगड काढणारे आणि डोक्यावरून माती वाहणारे येथेही अनामिकच राहिले.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम आणि बिगारी करूनच मुलांना शाळेत पाठवले. ज्या इमारतींच्या छताखालची नक्षी आपण कौतुकाने पाहतो, ती घडवणारे हात पुष्कळदा आपल्याच घरचे असतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती करावीशी वाटते. जुनी वास्तू पाहायला जाल, तेव्हा शिल्पपट्टावर कोण आहे हे पाहून थांबू नका. तो कोणी घडवला आणि त्या माणसाचे नाव कोठे आहे, हेही विचारा. आणि आपल्या वसतिगृहाची एखादी नवी खोली उभी राहील, तेव्हा कोनशिलेवर देणगीदारांच्या नावांखाली गवंड्याचे, सुताराचे, रंगाऱ्याचे आणि पाणी वाहणाऱ्या बाईचेही नाव कोरावे. त्याला चार ओळींची जागा पुरेल.