भिंतीतले आटे सांभाळा, नळ बदलता येतो

नळ गळायला लागला की आपण नळाकडेच बघत बसतो. माळशिरसमधल्या माझ्या घरातले जुने नळ मी एकेक करून स्वतः बदलले, तेव्हा मला कळलं की जपायची वस्तू नळ नव्हेच. नळ कधी ना कधी भंगारात जाणार. ज्यात नळ बसतो तो भिंतीतला एल्बो मात्र घर आहे तोवर राहतो. त्याचे आटे शाबूत असतील तर नवा नळ कुणालाही बसवता येतो. ते गेले, की फरशी फोडण्यापासून सुरुवात. नवख्या माणसाने एवढं एक पक्कं ध्यानात धरावं, बाकीचं करता करता जमतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गावात प्लंबर आहेत, चांगले आहेत. पण नव्या बांधकामांतून त्यांना उसंत नसते, आणि एका नळासाठी त्यांची वाट बघत खाली बादली लावून बसणं मला पटेना. किती पाणी जातं ते मोजायचं असेल तर थेंबाखाली लिटरची रिकामी बाटली ठेवा. ती तासाभरात भरली तर दिवसाला २४ लिटर गेले. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एवढा गळणारा नळ एका माणसाच्या वाट्यातलं जवळजवळ निम्मं पाणी मोरीत सोडतो. नीरा उजव्या कालव्याच्या पाळीकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यात हे मनाला लागतं.

आमच्याकडे नळ बिघडायचं मोठं कारण पाण्यातच आहे. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून मुरत येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. पाणी सुकलं की पांढरी खर मागे राहते. ती नळाच्या तोंडाच्या जाळीत बसते, आतल्या स्पिंडलवर चढते, आणि मग आपण नळ बंद करायला जोर लावतो. त्या जोराने आतला रबराचा वायसर लवकर झिजतो. धार बारीक झाली असेल तर आधी जाळी काढून लिंबाच्या रसात नाहीतर व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा, मग जुन्या ब्रशने घासा. संडास धुवायचं ॲसिड मात्र लावू नका, त्याने वरचा चकचकीत मुलामा उडतो.

गळणारा प्रत्येक नळ बदलावा लागत नाही. फिरवून फिरवून बंद करायचा जो जुना पितळी नळ, त्याची कल्पना साधी आहे. आटे असलेली दांडी खाली येते आणि रबराचा वायसर पाण्याच्या भोकावर दाबून धरते. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळेच्या कारखान्याने १८४५ मध्ये अशा नळाचं पेटंट घेतलं, आणि आजही त्याचं अंतरंग फारसं बदललेलं नाही. तोंडातून थेंब पडत असेल तर बहुतेक वेळा वायसरच बदलायचा असतो. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसरच्या जागी सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या असतात. त्यांच्यात वाळूचा कण शिरून चरे पडले तर आतला स्पिंडल अख्खा बदलतात. नळाला चीर गेली असेल, त्याचेच आटे झिजले असतील किंवा मुठीशी वायसर बदलूनही पाणी झिरपत असेल, तर मात्र नवा आणावा.

दुकानात गेलात की अर्ध्या इंचाचा नळ मागा. त्याच्या आट्यांवर पट्टी धरली तर माप सुमारे २१ मिलिमीटर भरेल. घाबरू नका, दुकानदाराने बरोबर तेच दिलेलं असतं. अर्धा इंच हे जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं नाव आहे. या मापात इंचाला १४ आटे असतात आणि ते ठरलेले आहेत, म्हणून कुठल्याही कंपनीचा नळ कुठल्याही भिंतीत बसतो. पितळी नळ हातात घेऊन वजन बघा, त्याला चुंबक लावून बघा. पितळेला चुंबक चिकटत नाही. पाणी फक्त घरावरच्या टाकीतून येत असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असली तर साधारण एक किलो दाब मिळतो. एकमजली घरात ती तीन-चार मीटरच वर असते, म्हणजे दाब जेमतेम त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. अशा घरात बारीक जाळीचे फेसाळ धारेचे नळ रडत वाहतात. मोकळ्या तोंडाचा साधा नळ बरा.

नळाबरोबर टेफ्लॉन टेप आणि पाना घ्यायला गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, “बाई, पाने दोन न्या. एकानं नळ फिरवायचा, दुसऱ्यानं मागचा एल्बो धरायचा.” या कामातलं मला मिळालेलं सर्वांत मोलाचं शिक्षण ते. अंगणातल्या नळाचा पाइप भिंतीबाहेर उघडा असतो. तिथे नुसता नळ फिरवला तर पिळा थेट पाइपाला बसतो आणि आतला सांधा निखळतो. एल्बो एका पान्यात घट्ट धरला की सगळा जोर नळावरच राहतो.

आता कामाचा क्रम. गिझर चालू असेल तर आधी त्याचं बटण बंद करा. मग टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यांत खालचा नळ सोडा, म्हणजे पाइपातलं पाणी निघून जाईल. जुन्या नळाला फडकं गुंडाळा, पाना लावा आणि घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. झटका देऊ नका. नळ निघाला की विजेरीने एल्बोच्या आत बघा. माझ्या अंगणातल्या एल्बोत पिवळं पडलेलं सूत आणि वाळलेला सफेदा निघाला. टेफ्लॉन यायच्या आधीचे कारागीर त्यानेच सांधे भरत. ते सुईने अलगद ओढून काढलं, ब्रश फिरवला, आणि खालचे पितळी आटे स्वच्छ दिसले. इथे घाई करू नये. आट्यांत जुना कचरा राहिला तर नवा नळ तिरका चढतो आणि भिंतीतले आटे खातो.

नव्या नळाचे आटे आपल्याकडे करून टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. पहिला आटा मोकळा सोडा, टेप ताणून धरा, आणि आठ-दहा वेढे द्या. नळ आधी नुसत्या हाताने चढवा. दोन-तीन फेरे सहज गेले तरच पाना लावा. अडकला तर काढून पुन्हा सरळ लावा. नळाचं तोंड बरोबर खाली येईल तिथे थांबा. तोंड पुढे गेलं तर मागे फिरवू नका, कारण मागे आलेला टेप सैल होतो आणि सांधा पाझरतो. नळ काढून नव्याने टेप लावावा. एल्बो फरशीत खोल असेल तर मध्ये एक्स्टेन्शन निपल जोडतात.

शेवटी नळ उघडा ठेवून व्हॉल्व्ह हळूहळू सोडा, आतला गाळ वाहून जाऊ द्या. मग नळ बंद करा, सांधा कोरडा पुसा आणि खाली वर्तमानपत्राचा कपटा ठेवा. बारीकसा पाझरही कागदावर लगेच दिसतो.

अंगणासाठी मी मुद्दाम जुन्या पद्धतीचा वायसरचा पितळी नळ घेतला. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्याहून सदाशिवनगरचं रिंगण करून माळशिरसला मुक्कामी येते, दुसऱ्या दिवशी वेळापूरला जाते. तेव्हा आमच्या अंगणातल्या नळावर पहाटेपासून वारकऱ्यांची रांग असते. अनोळखी हातांनी जोरात फिरवलेला नळ बिघडला, तरी वायसर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि पाच-दहा मिनिटांत बसतो.

काही ठिकाणी आपण थांबलंच पाहिजे. जुना लोखंडी पाइप गंजून आत फुगला असेल, नळ फिरवताना भिंतीतून कुरकुर ऐकू आली, किंवा नळाबरोबर एल्बोही हलू लागला, तर पाना खाली ठेवा आणि प्लंबरला बोलवा. तिथून पुढचं काम त्याच्या हाताचं आहे. पण निरोगी आट्यांवरचा नळ घरातल्या कुणालाही बदलता येतो, आणि यायलाच हवा. सुरुवात अंगणातल्या नळापासून करा, सकाळच्या वेळी, म्हणजे उजेड असतो, दुकान उघडं असतं आणि काही अडलं तर विचारायला माणूस सापडतो.