मोलाची सुट्टी

मार्च महिन्यात दहावीची परीक्षा आटोपली की घराघरांतून सुटकेचा निःश्वास ऐकू येतो. बँक कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांत मात्र याच सुमारास आणखी एका कागदाची प्रतीक्षा सुरू होते. बदलीचा आदेश हाती पडतो आणि नाशिकच्या किंवा सांगलीच्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाची अकरावी भोपाळला वा लखनौला सुरू होते. सामानाची बांधाबांध, भाड्याचे घर, गॅसची जोडणी या गडबडीत रसायनशास्त्राची आठवण कोणाला होणार? ती होते पहिल्या घटक चाचणीचे गुण घरी आल्यावर. दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर असलेला विद्यार्थी निम्म्यावर येतो आणि ‘आपला हा विषयच नव्हे’ असा निष्कर्ष पंधरा दिवसांत काढून मोकळा होतो. विज्ञान शाखा सोडण्याचे कितीतरी निर्णय अशा एका उत्तरपत्रिकेवर घेतले जातात. बदली न झालेल्या घरांतही चित्र फारसे निराळे नसते.

याचे कारण बुद्धीत नाही. दहावीपर्यंतचे रसायनशास्त्र प्रामुख्याने वर्णनाचे असते. अकरावीचे पहिल्या प्रकरणापासून मोजणीचे होते. शिवाय भाषा बदलते. महाराष्ट्रात अकरावी विज्ञानाचे अध्यापन बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून चालते, त्यामुळे ‘संयुजा’ म्हणजेच ‘व्हॅलन्सी’ आणि ‘आम्लारी’ म्हणजेच ‘बेस’ हे जुळवण्यात तासाचा निम्मा वेळ निघून जातो. हिंदी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्याची अडचण अधिक फसवी असते, कारण तेथे शब्द ओळखीचे वाटतात. मराठीत ‘अणू’ म्हणजे अ‍ॅटम आणि ‘रेणू’ म्हणजे मॉलिक्यूल. हिंदी पाठ्यपुस्तकात अ‍ॅटमला ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ हा मॉलिक्यूल असतो. मराठी ‘क्षार’ म्हणजे सॉल्ट. हिंदीत त्याला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ हे नाव अल्कलीला मिळते. आपले ‘द्रावण’ तेथे ‘विलयन’ होते, जे वाचून वडिलांना बँकांच्या विलीनीकरणाचीच आठवण व्हावी!

म्हणून सुट्टीतले पहिले काम सोपे आणि बिनखर्चाचे आहे. एका वहीत तीन रकाने आखावेत – मराठी, इंग्रजी व हिंदी – आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील रसायनशास्त्राच्या प्रकरणांतून शंभरेक संज्ञा उतरवून काढाव्यात. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश या कामी येतात. इंग्रजी माध्यमात गेल्यावर मराठी रकाना वाया जातो असेही नाही. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मराठीसह तेरा भाषांतून देता येते आणि त्या प्रश्नपत्रिकेतील मराठी वाचताना अडखळणारेही पुष्कळ असतात.

दुसरे काम ‘मोल’ या संकल्पनेचे. अकरावीच्या रसायनशास्त्राचा हा उंबरठा आहे. तो ओलांडला नाही तर पुढचे जवळजवळ प्रत्येक गणित अंधारात सोडवावे लागते. वस्तुतः बँकेत काम करणाऱ्या पालकाला ती समजावून देणे फार कठीण जाऊ नये. एक रुपयाची हजार नाणी एकेक करून मोजण्यापेक्षा तोलणे सोपे. 2011 मध्ये आलेल्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे 3.79 ग्रॅम वजनाचे आहे. तेव्हा एकाच मालिकेतील नाण्यांची थैली, पिशवीचे वजन वगळता, 3.79 किलोग्रॅम भरली तर आत हजार नाणी आहेत हे न उघडता सांगता येते. रसायनशास्त्रज्ञ अणू-रेणूंच्या बाबतीत हेच करतो. फक्त त्याच्या थैलीत हजार नव्हे, तर 6.02214076 × 10²³ कण असतात. ही संख्या 20 मे 2019 पासून मोलची व्याख्या म्हणून नेमकी ठरवून टाकण्यात आली आहे. त्यापूर्वीची व्याख्या कार्बन-12 च्या 12 ग्रॅमवर आधारलेली होती आणि जुन्या मार्गदर्शकांत अद्याप तीच छापलेली आढळते. पाण्याची अशी एक ‘थैली’ 18 ग्रॅमची, मिठाची 58.5 ग्रॅमची, साखरेची 342 ग्रॅमची. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर या तिन्ही तोलून शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे ‘कण तितकेच, वजन निराळे’ ही गोष्ट पानभर व्याख्येपेक्षा लवकर पटते.

समीकरणाचा समतोल म्हणजे तर दिवसअखेरचा ताळा. खाण्याचा सोडा तापवला की सोडिअम कार्बोनेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. दोन मोल सोड्याचे 168 ग्रॅम, त्यातून अनुक्रमे 106, 18 व 44 ग्रॅम. बेरीज पुन्हा 168. हा ताळा घरीही तपासता येतो. 84 ग्रॅम सोडा जुन्या कढईत मंद आचेवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, ढवळत राहावा. थोड्या थोड्या वेळाने निववून तोलावा. वजन घटणे थांबले की सुमारे 53 ग्रॅम भुकटी उरावयास हवी. उरलेले 31 ग्रॅम कोठे गेले, याचे उत्तर मुलाने स्वतः लिहून काढावे. ही भुकटी खाण्याजोगी नाही. ती डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि काम संपताच हात धुवावेत. उत्तर 55 आले तरी हरकत नाही. ते का आले याचा विचार करणे, हाच प्रयोगशाळेचा पहिला धडा होय.

तिसरी तयारी गणिताची. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत, जेईई मेनमध्ये आणि नीटमध्येही गणकयंत्र नेता येत नाही. तेव्हा दहाचे घातांक आणि लॉगॅरिदम यांची भीती सुट्टीतच मोडलेली बरी. 2 चा लॉग 0.3010 आणि 3 चा 0.4771, एवढे दोन आकडे पाठ असले तरी पुष्कळ निभावते. लिटरला 0.002 मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असलेल्या द्रावणाचा सामू 3 वजा 0.30, म्हणजे 2.70, हे तोंडी सांगता येऊ लागले की मुलाला आपल्याच बुद्धीचा भरवसा वाटू लागतो.

पुस्तकांविषयी एक सावधगिरी. शेजारच्या दादाची किंवा ताईची जुनी पुस्तके आणण्याची आपल्याकडे चांगली प्रथा आहे, परंतु एनसीईआरटीचे अकरावीचे रसायनशास्त्र आता पूर्वीच्या चौदा प्रकरणांऐवजी नऊ प्रकरणांचे झाले आहे. हायड्रोजन, द्रव्याच्या अवस्था, पर्यावरणीय रसायनशास्त्र ही प्रकरणे वगळण्यात आली आहेत. एनसीईआरटी व बालभारती या दोन्ही संस्थांची पुस्तके संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध असल्याने सुधारित प्रत पडताळून पाहणे सोपे आहे.

उष्मागतिकी, समतोल, कार्बनी रसायनशास्त्र ही प्रकरणे मात्र उन्हाळ्यात उघडू नयेत. निकालाच्या आधीच अर्धा अभ्यासक्रम संपवून टाकण्याची जी अहमहमिका काही शिकवणी वर्गांनी लावली आहे, तिच्यात मुलाची सुट्टीही जाते आणि विषयही हाती लागत नाही. परीक्षेनंतरचा पहिला पंधरवडा पूर्ण विश्रांतीचा असावा. पुढे रोज सकाळी एक तास पुरे. आवर्तसारणीतील पहिली तीस मूलद्रव्ये, त्यांच्या संज्ञा व अणुअंक यांसाठी तर वेगळा वेळही काढावयास नको. बदलीच्या गावी नेणाऱ्या लांबच्या रेल्वेप्रवासात ती सहज पाठ होतात, आणि धाकट्या भावंडाने सारणी हाती धरून विचारीत बसावे म्हणजे त्याचाही वेळ जातो.

नव्या गावी पोहोचल्यावर शुल्क भरण्यापूर्वी शाळेत एवढे अवश्य विचारावे, की रसायनशास्त्राचा तास प्रत्यक्षात कोणत्या भाषेतून होतो. माहितीपत्रकावर एक माध्यम आणि वर्गात दुसरे, असे पुष्कळदा आढळते. तीन रकान्यांपैकी कोणत्या दोनांची उजळणी आधी करायची, हे त्या उत्तरावरून ठरवता येईल.