मळा, मंडई आणि मराठी वाङ्मय

‘माळी’ हा शब्द आज जातिवाचक म्हणून रूढ असला, तरी त्याच्या मुळाशी व्यवसाय आहे. विहिरीच्या पाण्यावर मळा राखणे, वाफ्यात रोप तयार करून त्याची लावणी करणे आणि नाशवंत माल ताजा असतानाच बाजारी पोचविणे ही त्या व्यवसायाची प्रमुख अंगे होत. फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी ही पोटभेदांची नावे पिकांवरूनच पडलेली दिसतात. जिरायत शेती पावसावर विसंबते. बागायतीला मात्र पाणी आणि पेठ ही दोन्ही जवळ लागतात.

तेराव्या शतकातील संत सावता माळी हे सध्याच्या सोलापूर जिल्ह्यातील अरणचे. पंढरपूर जवळ असूनही ते मळा सोडून गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या भेटीस आला, असे परंपरा सांगते. मळ्यातील भाजीपाल्यात विठ्ठल पाहणारी त्यांची वाणी विणकर कबीर आणि चर्मकार रविदास यांच्या वाणीशी ताडून पाहण्यासारखी आहे. तिघांनीही आपल्या हातच्या कामाला उपासनेची प्रतिष्ठा दिली. सावतोबांच्या या मळ्यात बाजाराला मात्र फारसे स्थान नाही.

ते स्थान जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या लेखनात मिळते. पेशवाईत फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे त्यांच्या घराण्याचे ‘गोऱ्हे’ हे आडनाव मागे पडून ‘फुले’ हे नाव रूढ झाले. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात ते कुणबी, माळी व धनगर यांतील भेद कामावरून पडल्याचे सांगतात: निव्वळ शेती करणारे कुणबी, शेतीबरोबर बागाईत करणारे माळी, मेंढरे पाळणारे धनगर. सावतोबांनी कामाला पावित्र्य दिले. जोतीरावांनी त्याच कामाच्या आधारे जन्मसिद्ध भेदाचे खंडन केले.

पुण्याची मंडई हा या इतिहासाचा पुढील टप्पा होय. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार १८८६ मध्ये ‘रे मार्केट’च्या नव्या वास्तूत गेला. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या वास्तूवरील खर्चास विरोध केला होता. पुढे तिलाच त्यांचे नाव देण्यात आले. व्यावसायिक प्रतिमांना केवळ अलंकार मानणाऱ्या तौलनिक अभ्यासात पाणी, श्रम आणि विक्री यांचा हा इतिहास निसटतो. संतवाणीतील मळा आणि ‘असूड’मधील मळा एकत्र वाचल्यास तो पुन्हा दृष्टिपथात येतो.