भीमेचें खोरें: नदी भरलेली, शेत कोरडें

पंढरपुरास चंद्रभागा दुथडी वाहत असतां त्याच प्रांतांत दुष्काळ कसा, असा प्रश्न कित्येक उदार गृहस्थ कमिटीस विचारतात. प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर नदीच्या भूगोलांत आहे.

चंद्रभागा म्हणजे भीमाच. पंढरपुरापाशीं पात्रास चंद्रकोरीसारखें वळण असल्यामुळें हें नांव पडलें. भीमाशंकरास सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून, सुमारें ८६० किलोमीटर वाहून ती रायचूरच्या उत्तरेस कृष्णेस मिळते. तिचें खोरें सुमारें ७०,००० चौरस किलोमीटरांचें आहे. परंतु इंद्रायणी, मुळा, मुठा, घोड, नीरा या भरंवशाच्या उपनद्या सर्व घाटमाथ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यांतून निघतात. लोणावळ्यास वर्षास ४,००० मिलिमीटरांवर पाऊस पडतो. तेथून आग्नेयेस दीडशें किलोमीटरांच्या आंत, बारामतीकडे, तो ५०० च्या आसपास उरतो. ढग घाटावरच रिते होतात. सारांश, पंढरपुरचा पूर हा पंढरपुरचा पाऊस नव्हे.

सीना व माण यांची गोष्ट निराळी. सीना अहिल्यानगराकडून व माण सातारा जिल्ह्याच्या पूर्वभागांतून येते. दोघींचा जन्मच पर्जन्यछायेंतला. त्यांच्या कांठचा शेतकरी शाळूवर जगतो, आणि शाळू परतीच्या पावसावर. हस्त कोरडा गेला कीं पेरणी राहिली! विहिरींचा आधार म्हणावा, तर खालीं काळा खडक. पाणी साठतें तें मुरुमाच्या थरांत व खडकाच्या फटींत, तेंहि थोडें.

धरणें झालीं नाहींत असें नाहीं. नीरेचा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळांत मजुरांस काम देण्याकरितांच सुरू झाला. पुढें १९२८ मध्यें भाटघर व १९८० मध्यें ११७ टीएमसी साठवणीचें उजनी झालें. तथापि कालवा उतारानें वाहतो. त्याच्या वरच्या अंगाच्या माळास तो दिसतो, मिळत नाहीं. मुळशीचें पाणी तर विजेकरितां घाटाखालीं कोंकणांत उतरविलें जातें. तें भीमेस परत येत नाहीं. १९७२ सालीं या खोऱ्याच्या पूर्वभागांत हजारों माणसें खडी फोडावयास गेलीं, त्यांत जमीनधारक कुटुंबेंहि होतीं.

म्हणून मदतीचा विचार करितांना पुलावरून नदी न पाहतां तालुक्याचें पर्जन्यमान व कडब्याचा भाव पाहावा, ही विनंति आहे. कडब्याचा भाव व्यापारी मंडळींस आमच्या आधींच कळतो.