ल्यूथरला नावडलेले पत्र

मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये नव्या कराराचा जर्मन अनुवाद छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने एका छोट्या पत्राला चक्क पेंढ्याचे पत्र ठरवले. ते याकोबाचे पत्र. पाच अध्याय आणि १०८ वचने, म्हणजे आपल्या जपमाळेच्या मण्यांइतकी. ख्रिस्ताचे नाव त्यात जेमतेम दोनदा येते. माणूस तरतो तो विश्वासाने, ही ल्यूथरची सारी शिकवण. आणि हा याकोब म्हणतो, हातून काही घडत नसेल तर तुमचा विश्वास मेलेलाच समजा. ल्यूथरचे आणि त्याचे पटणे कठीणच होते.

चारशे वर्षांनी याच पत्राला अगदी वेगळे वाचक मिळाले. अमेरिकेच्या ओहायो राज्यातले अ‍ॅक्रन हे टायर बनवणाऱ्या कारखान्यांचे गाव. तिथल्या एका घरात १९३५ च्या उन्हाळ्यात रोज सकाळी बायबल वाचले जाई. वाचणाऱ्या बाईंचे नाव अ‍ॅन स्मिथ. ऐकायला बसत ते त्यांचे पती डॉ. बॉब स्मिथ, शल्यविशारद आणि पक्के दारुडे, आणि न्यूयॉर्कहून आलेले पाहुणे बिल विल्सन, शेअरबाजारातले दिवाळे निघालेले गृहस्थ. पुढे जगभर पसरलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’ची ही सुरुवात.

डॉ. बॉब काही नास्तिक नव्हते. बिल भेटण्याआधी सुमारे अडीच वर्षे ते ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांना जात होते. एकमेकांच्या घरी जमायचे, आपल्या चुका सांगायच्या, ज्यांचे नुकसान केले त्यांचे भरून द्यायचे आणि सकाळी वही घेऊन शांत बसायचे, अशी तिथली शिस्त. बॉब प्रार्थना करत, धर्मग्रंथ वाचत, आणि तरीही पीत. घराघरांतले हे चित्र आपल्यालाही अनोळखी नाही. गळ्यात माळ आहे, वारी चुकत नाही, आणि संध्याकाळी पाय गुत्त्याकडेच वळतात.

बिलची गत उलटी होती. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये त्याला काही विलक्षण अनुभव आला आणि त्याची दारू सुटली. मग दिसेल त्या दारुड्याला देवाकडे नेण्याचा त्याने सपाटा लावला. पाच-सहा महिन्यांत एकही सुधारला नाही. तिथले डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सांगितले की उपदेश थांबव. आधी या माणसांना आजार समजावून सांग, शरीर दारूला कसे बांधले जाते ते सांग. उपदेशकाला हा सल्ला डॉक्टरने दिला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात फार मोलाची वाटते.

मे महिन्यात धंद्याचा एक व्यवहार फसला आणि बिल अ‍ॅक्रनच्या मेफ्लॉवर हॉटेलात एकटा पडला. पलीकडच्या बारमधून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. तो फोनकडे वळला, चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूंना गाठले आणि शेवटी कोणीतरी बेवडा मला भेटवा अशी विनंती केली. आपल्याला कुणाला वाचवायचे आहे म्हणून नव्हे, आपण स्वतः वाचावे म्हणून. १२ मे रोजी, रविवारी, डॉ. बॉब त्याला भेटले. पंधरा मिनिटे बसतो म्हणून आलेले डॉक्टर सहा तासांनी उठले. दारू म्हणजे काय ते स्वतः भोगून जाणणारा माणूस आपल्याशी बोलतो आहे, असे त्यांना पहिल्यांदाच वाटले.

याकोबाच्या पाचव्या अध्यायात हेच तर आहे. आपले दोष एकमेकांना सांगा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हणजे बरे व्हाल, असा त्याचा आशय. सांगणारा आणि ऐकणारा इथे एकाच पायरीवर बसतात. अ‍ॅक्रनच्या मंडळींना हे पत्र इतके आवडले की याकोबाच्या इंग्रजी नावावरून आपल्या गटाला ‘जेम्स क्लब’ म्हणावे, असेही काहींनी सुचवले होते. डॉ. बॉब यांनी पुढे १९४८ च्या एका भाषणात सांगितले की त्या दिवसांत त्यांना तीन भाग अगदी आवश्यक वाटत: डोंगरावरील प्रवचन, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आणि याकोबाचे पत्र. ए.ए.चा व्यसनमुक्तीचा मार्ग सांगणाऱ्या बारा पायऱ्या तेव्हा लिहिल्या गेलेल्या नव्हत्या.

या वाचनाचा परिणाम कसा व्हायचा, ते १० जूनला दिसले. हा दिवस ए.ए. आपला स्थापनादिवस मानते. मधल्या काळात बॉब एकदा पुन्हा घसरले होते. त्या दिवशी त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते, म्हणून बिलने त्यांना एक बिअर दिली. ती त्यांची शेवटची. शस्त्रक्रिया आटोपल्यावर डॉक्टर लगेच घरी परतले नाहीत. ज्यांचे देणे होते, ज्यांना दुखावले होते, त्यांच्या दारोदार जाऊन बोलून आले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर वेदीवरचे अर्पण तसेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. मनन म्हणजे डोळे मिटून बसणे अशी आपली समजूत. इथे मनन दिवसभर चालले आणि तेही दारोदार फिरून.

१९३९ मध्ये ए.ए.चे पुस्तक निघाले तेव्हा देवाचे काय करायचे यावर जोरदार खडाजंगी झाली. न मानणाऱ्यांनी हट्ट धरला आणि प्रत्येकाला समजेल तो देव, अशी तडजोड पायऱ्यांत आली. त्याच सुमारास ऑक्सफर्ड ग्रुपशीही फारकत झाली. म्हणूनच मुंबईतला हिंदू, मुसलमान किंवा देव न मानणारा कामगार आज त्याच मीटिंगला बसू शकतो. काही चर्चना मात्र ही तडजोड पाणचट वाटली. कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चने १९९१ मध्ये ‘सेलिब्रेट रिकव्हरी’ सुरू करून ख्रिस्ताचे नाव पुन्हा उघडपणे आणले आणि आठ तत्त्वे डोंगरावरील प्रवचनातल्या धन्यवचनांना जोडली. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला कृपा फाउंडेशन उभारले, पण त्यांनी बारा पायऱ्यांच्या जोडीला अय्यंगार योग घेतला. ते स्वतः बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. पुण्यात १९८६ मध्ये अवचट दांपत्याने सुरू केलेल्या मुक्तांगणाला धर्माचा आधार नाही, तरी तिथेही व्यसनातून बाहेर आलेलेच पुढच्याला हात देतात आणि रुग्णाला रुग्णमित्र म्हणतात. याकोबाचे गणित इथे याकोबाशिवाय सुटते. हे मला धर्माचा पराभव वाटत नाही, पण काही भाविक मित्रांना वाटते.

एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. प्रार्थनेने सगळे होते, औषध नको, असे सांगणारे केंद्र कितीही भक्तिमय असो, तिथे माणूस ठेवू नये. उलट ए.ए.ला अंधश्रद्धा म्हणून झटकणाऱ्यांनी २०२० चा कॉक्रेन आढावा पाहावा. २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसे तपासून त्यात आढळले की ए.ए.शी जोडून देणाऱ्या नीट आखलेल्या उपचारात दारूपासून पूर्ण दूर राहणाऱ्यांचे प्रमाण इतर मान्य उपचारांपेक्षा जास्त असते.

डॉ. बॉब यांनी आपली हकिगत लिहिली तेव्हा एक अवघड गोष्ट लपवली नाही. दारू सुटल्यावरही पहिली अडीच वर्षे त्यांची तलफ फारशी गेली नव्हती. मित्र पिताना दिसले आणि आपल्याला मात्र पिता येत नाही, याने ते फार अस्वस्थ होत. बायबल रोज वाचले जात होते, प्रार्थना होत होती, आणि घसा कोरडाच. या काळात ते काय करत होते? इस्पितळांत पडलेल्या दारुड्यांना भेटत होते. १९३९ पासून सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया यांच्या सोबतीने त्यांनी हे काम वाढवले आणि १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले. या रुग्णांकडून त्यांनी आपली फी कधी घेतली नाही.