सहाशे मैलांचा रविवार

मध्यरात्र. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉनकॉर्डमध्ये, ट्रॅकहाउस रेसिंगच्या वर्कशॉपमध्ये, 24 मे 2025 च्या रात्री कोणालाच झोपायची सवड नव्हती. शनिवारच्या सरावात टायर गेला आणि संघाचा चालक रॉस चॅस्टेनची एक नंबरची शेव्हरले भिंतीवर आदळली. गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली आणि पात्रता फेरीही हुकली. रविवारी संध्याकाळी शार्लटच्या ट्रॅकवर कोका-कोला 600, म्हणजे अमेरिकेतल्या नॅसकार मोटारशर्यतींच्या वर्षातली सगळ्यात लांब शर्यत. मेकॅनिकांनी राखीव गाडी बाहेर काढली आणि रात्र जागवून उभी केली. चालकाच्या दिवसाची सुरुवात अशी त्याच्या गैरहजेरीत होते. दुसऱ्यांनी बांधलेल्या गाडीत, त्यांच्या कामावर भरवसा ठेवून, त्याला बसायचं असतं.

सकाळी नऊ. त्या दिवशी टीव्हीवर मोनॅकोची फॉर्म्युला वन सुरू झाली, दुपारी इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत आणि संध्याकाळी शार्लट. मोटारशौकिनांसाठी त्या वर्षी मे महिन्यातल्या या रविवारासारखा दुसरा दिवस नव्हता. चालकाचं मात्र आजचं पहिलं काम पाणी पिणं. घामातून दोन-तीन किलो वजन सहज उतरतं, आणि ते पाणी संध्याकाळी भरून काढता येत नाही. म्हणून शर्यतीच्या आधीचे दोन-तीन दिवस पाणी आणि क्षार मोजूनमापून पोटात जातात.

दुपार. प्रायोजकांचे पाहुणे, फोटो, सह्या, तीच तीच उत्तरं. हे फुटकळ वाटेल, पण या धंद्यात प्रायोजक गेला की गाडी गेली. चॅस्टेनला हे कोणी सांगायला नको. फ्लोरिडातल्या कलिंगड पिकवणाऱ्या घरातला हा मुलगा वर्षानुवर्षं मागे रेंगाळणाऱ्या गाड्या चालवत होता. 2019 च्या हंगामासाठी अखेर चांगल्या संघात जागा मिळाली, आणि हंगाम सुरू व्हायच्या आतच प्रायोजक कोलमडल्यामुळे ती गेली. नॅसकारच्या सर्वोच्च, कप मालिकेतला पहिला विजय 2022 साली आला.

संध्याकाळी साडेपाच. प्रेक्षकांना चालकांची ओळख, प्रार्थना, राष्ट्रगीत. उद्या मेमोरियल डे, म्हणून प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर चालकाच्या नावाऐवजी धारातीर्थी पडलेल्या एका सैनिकाचं नाव. गाडीला उघडणारं दार नसतं, खिडकीतूनच आत शिरायचं. सीट बसलेल्याच्या मापाची. आधी पट्टे आवळायचे, मग हेल्मेट मानेच्या आधाराला अडकवायचं. 2001 साली डेटोनाच्या शर्यतीत चालक डेल अर्नहार्ट गेला, आणि त्याच वर्षी हा आधार सक्तीचा झाला. शेवटी स्टीअरिंग बसवायचं आणि खिडकीची जाळी लावून घ्यायची. समोर वेग दाखवणारा काटा नाही, पेट्रोल किती उरलं तेही दिसत नाही. तो हिशेब पिटमधली, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावरची माणसं ठेवतात.

सहा. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट, साडेतीन. दीड मैलाच्या अंडाकृती ट्रॅकवर चारशे फेरे, म्हणजे सुमारे 965 किलोमीटर, डावीकडेच वळत. चाळीस गाड्या आणि चॅस्टेन चाळिसावा.

‘नुसतं गोल गोल फिरायचं, त्यात काय?’ असं विचारणाऱ्यांना मी पुढचे दोन तास नीट ऐकायला सांगेन. पाहायला नाही, ऐकायला. चालक आणि त्याचा क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिकांचा प्रमुख, रेडिओवर बोलत असतात, आणि शर्यतीचं खरं काम त्या बोलण्यात चाललेलं असतं. गाडी ‘टाइट’ असली की वळणावर नाक वळत नाही, ती भिंतीकडे सरकत राहते. ‘लूज’ असली की मागची चाकं सुटतात. पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही. वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना? नव्या टायरवर की वीस फेऱ्यांनी? ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना गाड्या असताना, कंबरेला आणि तळहातांना जे जाणवलं ते मोजक्या शब्दांत सांगायचं. त्यावरून क्रू चीफ ठरवतो की पुढच्या थांब्यावर टायरमध्ये हवा किती ठेवायची, पाना फिरवून मागच्या स्प्रिंगवरचा भार किती बदलायचा. थांबा म्हणजे दहाएक सेकंद. पाच माणसं भिंतीवरून उडी मारतात, चार चाकं बदलतात, पेट्रोल भरतात. चालकाने चुकीचं सांगितलं तर पुढचे पन्नास फेरे त्याची किंमत मोजायची.

साडेआठ. सूर्य मावळतो, डांबर थंड होतं, टायर जास्त पकडतात. उन्हात उत्तम चाललेली गाडी अंधारात हट्टी होऊ शकते. शार्लटला संध्याकाळी जुळवलेलं गणित रात्री पुन्हा मांडावं लागतं, म्हणूनच ही शर्यत मला सगळ्यात अवघड वाटते. गाडीच्या आत पारा पन्नास अंशांपलीकडे. नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत चार तास बसून पाहा, आणि वर हेल्मेट आणि आग-प्रतिबंधक कपडे. प्रेक्षागाराच्या छतावर उभा असलेला स्पॉटर कानात सतत सांगत असतो: आतून गाडी आहे, अजून आहे, क्लिअर. त्या एका शब्दावर चालक न पाहता गाडी सरकवतो.

दोनशे फेऱ्यांनंतर सगळ्या गाड्या पिटमध्ये थांबतात, इंजिनं बंद होतात, हुतात्म्यांसाठी मौन पाळलं जातं. मग पुन्हा सुरू.

साडेदहा. त्या रात्री विल्यम बायरन या चालकाचं राज्य होतं. त्याने 283 फेरे आघाडी सांभाळली, शर्यतीचे पहिले तिन्ही टप्पे जिंकले. चॅस्टेन मात्र पायरी पायरीने वर आला. प्रेक्षक त्याला ओळखतात ते मार्टिन्सव्हिलच्या शर्यतीमुळे. 2022 साली शेवटच्या फेरीत त्याने गाडी सरळ भिंतीला टेकवली, पाय दाबून धरला आणि पाच गाड्या मागे टाकल्या. नॅसकारने पुढे त्या प्रकारावर बंदी घातली. पण माझ्या लेखी शार्लटची रात्र त्याहून मोठी आहे. इथे तो चार तास हाव आवरून बसला, टायर जपले, गाडीत काय होतंय ते सांगत राहिला. सहा फेरे उरले असताना त्याने बायरनला गाठलं आणि ओलांडलं. या शर्यतीत शेवटून सुरुवात करून जिंकलेला तो पहिलाच.

अकरानंतर. चॅस्टेनने नेहमीप्रमाणे कलिंगड जमिनीवर आपटून फोडलं. मग प्रायोजकांच्या टोप्या बदलून बदलून फोटो, गाडीची तपासणी, पत्रकार. रात्रभर राबलेले मेकॅनिक फोटोत त्याच्याच ओळीत उभे. जिंकलेल्याची रात्र हरलेल्यांपेक्षा लांबते.

पुढच्या रविवारी नॅशव्हिल. तिथला ट्रॅक डांबराचा नाही, काँक्रीटचा आहे, तेव्हा टायरची पकड वेगळी, आणि आठवडाभरात टाइट-लूजचा सगळा हिशेब नव्याने मांडायचा.