निवटा

निवटा : (निवटी). भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील चिखलात बिळे करून राहणारा लहान अस्थिमत्स्य. याचे शास्त्रीय नाव *बोलिऑफ्थॅल्मस डुस्सुमिएरी* असे आहे. गोबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, प्रामुख्याने तळाशी राहणाऱ्या लहान माशांच्या मोठ्या गटात त्याचा समावेश होतो. पूर्वी त्याला गोबीइडी कुलात घालीत. अलीकडील वर्गीकरणात तो ऑक्झुडर्सिडी कुलात मोडतो. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हालांस्येन यांनी १८३७ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले, ते मुंबईहून मिळालेल्या नमुन्यांवरून होय. इराणच्या आखातापासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत तिचा प्रसार आहे.

पालघर जिल्ह्याच्या वसई-विरार भागात दक्षिणेस उल्हास नदीचे मुख असलेली वसईची खाडी व उत्तरेस वैतरणेचे मुख आहे. या दोन्हींच्या काठी आणि त्यांच्या आत शिरलेल्या फाट्यांवर तिवरांची झाडी, खाजणे व मिठागरे आढळतात. ओहोटीच्या वेळी तिवरांपुढे जो मऊ, उघडा चिखल दिसतो, तोच निवट्याचा खरा अधिवास होय. अर्नाळा, राजोडी येथील वाळूच्या पुळणीवर तो नसतो, कारण वाळूत बीळ टिकत नाही आणि त्याचे खाद्यही तेथे पुरेसे नसते.

पूर्ण वाढलेल्या निवट्याची लांबी सु. १५ सेंमी. असते. शरीर पुढे दंडगोलाकार व मागे दोन्ही बाजूंनी चपटे होत गेलेले असते. रंग चिखलाशी मिळताजुळता, तपकिरी-हिरवट असून खवले फार बारीक व त्वचा बुळबुळीत असते. डोळे डोक्याच्या माथ्यावर वर आलेले असतात. ते खाली खोबणीत ओढून घेऊन ओले करता येतात. पाठीवर दोन पक्ष (पर) असतात. पहिला आखूड, उंच व पाच काट्यांचा, तर दुसरा लांब असतो. अंसपक्षांचा (छातीजवळच्या परांचा) बुडखा मांसल असून त्यांवर भार देऊन मासा चिखलावर सरकतो. शेपटीच्या झटक्याने तो उडीही मारतो. श्रोणिपक्ष जुळून पोटाखाली वाटीसारखी चकती झालेली असते.

पाण्याबाहेर असताना तो क्लोमांच्या (कल्ल्यांच्या) कप्प्यात पाणी साठवून ठेवतो, तसेच ओल्या त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातूनही ऑक्सिजन घेतो. त्वचा सुकू नये म्हणून तो अधूनमधून चिखलात लोळतो. भरती आली की तो बिळात शिरतो व ओहोटीला बाहेर येऊन चरतो. डोके डावीकडे-उजवीकडे हलवीत तो चिखलावरचा पातळ थर खरवडतो. त्यातील करंडक वनस्पती (डायाटम) हे त्याचे मुख्य अन्न होय. या वनस्पतींना ऊन लागते, म्हणून चिखल उघडा राहणे त्याला आवश्यक असते. प्रत्येक मासा आपल्या बिळाभोवतीची जागा राखतो. कुवेतच्या किनाऱ्यावर या जातीचे मासे अशा जागेभोवती चिखलाचे ठेंगणे बांध घालताना आढळले आहेत. विणीच्या काळात नर पक्ष उभारून उड्या मारतो. अंडी बिळात घातली जातात.

निवटे खाण्यास रुचकर असून त्यांचे कालवण व सुके करतात. ओहोटीला चिखलात उतरून, बिळात हात घालून ते पकडतात. पाण्याबाहेर ते बराच वेळ जगत असल्याने बाजारात जिवंत विकले जातात. मोठी होडी वा जाळी लागत नसल्यामुळे ही मासेमारी खाडीकाठच्या गरीब कुटुंबांच्याही आवाक्यातील असते.

या माशाचे शरीर भरती-ओहोटीमधील पट्ट्याला इतके अनुरूप झाले आहे की, तो पट्टा गेल्यास त्याला दुसरा आसरा नाही. मातीचा भराव घालून खाजण उंचावले की भरतीचे पाणी तेथे पोहोचत नाही, चिखल सुकतो व बिळे निकामी होतात. वसई-विरारमध्ये वाढलेल्या वस्तीमुळे खाजणांवरील भराव व खाड्यांत सोडले जाणारे सांडपाणी हे दोन्ही धोके वाढले आहेत. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस व तिच्यावरील भरावास मनाई करणारा निर्णय दिला. किनारपट्टी नियमन अधिसूचनांत जैवदृष्ट्या क्रियाशील चिखलपट्टेही संरक्षित मानले आहेत. तथापि हिरव्या तिवरांचे महत्त्व लोकांना सहज पटते, तर त्यांपुढील उघडा चिखल अनेकांना पडीक जागाच वाटतो. निवट्यांची वस्ती ही तो चिखल पडीक नसून जिवंत असल्याची साधी खूण होय.